पिऊच्या नाडीचा तक्ता

आमच्या घरात कामं नीट होतात, कारण ती मी करते.

म्हणूनच चार महिन्यांची माझी नात पिऊ तापातून उठली आणि मालेगावचे डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस दंडाच्या आतल्या बाजूला नाडी मोजा, पूर्ण मिनिटभर. शंभराच्या खाली गेली तर लगेच आणा," तेव्हा मी तिथेच कागदावर रकाने आखायला घेतले : वेळ, नाडी, शेरा. (डॉक्टर पुढे बोटांबद्दल काहीतरी सांगत होते. मी पट्टी शोधत होते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी, केनवडला घरी, पहिली मोजणी केली. चौऱ्याहत्तर!

"अवो, धावा! चौऱ्याहत्तर!"

यजमान टीव्हीसमोरून हलले नाहीत. "काहून वं बोंबलून राह्यली? पोट्टी तं हासून राह्यली."

"हासण्याचा रकाना नाई तक्त्यात! बंद करा तो टीव्ही!"

त्यांनी आवाज वाढवला! माझं डोकंच फिरलं. पुन्हा मोजली. ब्याण्णव. चला, सुधारणा!

माझी लेक, पिऊची आई, घाबरून पाणी घेऊन आली. "आई, तू आधी बस. दोन घोट पे." बसले, प्याले, मोजली. अठ्ठ्याहत्तर. घसरली!

शेजारचा ऑटो बोलावला. तर अर्ध्या वाटेत यजमानांनी तो थांबवला. कशासाठी? रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला सोयाबीनचा भाव विचारायला!

"लेकराचा जीव टांगून हाय अन् तुमाले भाव सुचून राह्यला?"

"दोन मिनिटानं काय होते वं?"

काय होते? मोजून दाखवली : अठ्ठ्याहत्तरवरून थेट एकशे आठ! असा झोका कुठं चांगला असतो? (धावत्या ऑटोत लिहिली, तरी रकान्याबाहेर गेले नाही.)

डॉक्टरांनी पिऊच्या दंडाला दोन बोटं लावली, घड्याळ पाहिलं. "एकशे तीस. छान आहे."

लेकीनं डोळे पुसले. मी मात्र भडकले. "मंग माहा तक्ता खोटा हाय काय?"

त्यांनी तक्ता हातात घेतला आणि शेरे मोठ्यानं वाचले. "'यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, ९२. पाणी प्याले, ७८. यांनी भाव विचारला, १०८.' हे 'यांनी' म्हणजे कोण?"

यजमानांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"काकू, मोजताना कोणतं बोट लावलं?"

"अंगठा. तोच मजबूत राह्यते."

"अंगठ्यात आपलीच नाडी लागते. म्हणून तर काल दोन बोटं सांगत होतो. सकाळपासून तुम्ही तुमचीच नाडी मोजली."

परतीच्या वाटेवर यजमानांचे खांदे सारखे हलत होते.

घरी आल्यावर त्यांनी तक्ता फ्रिजवर चिकटवला, वरचं पिऊचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. तेही पट्टी न लावता, तिरकं! मी इतकी संतापले की उठले, पेन घेतलं आणि पुढची ओळ भरली : "यांनी नाव खोडलं, ११६."

दोन बोटांनी मोजून.