एक खेळाडू, एक जागा

तुम्हाला सांगते, माणसाने अन्यायाविरुद्ध जरूर लढावं, पण आधी अन्याय झालाय का, एवढं तरी कुणाला विचारून घ्यावं. मी नाही घेतलं. मी थेट टी-शर्ट छापले!

मी इथे न्यू जर्सीत पब्लिक पॉलिसी शिकते. म्हणजे जो अन्याय इतर कुणालाच दिसत नाही, तो स्वच्छ दिसायला लागावा अशी पदवी. राहते पार्सिपनीत, बाबांचे जुने मित्र सुधीरकाका आणि वैशालीकाकू यांच्या बेसमेंटमध्ये. त्यांचा मुलगा निनाद इथेच जन्मला, इथेच वाढला आणि पोटापाण्यासाठी रग्बी खेळतो.

हो, रग्बी. इथल्या आपल्या मराठी मंडळात डेंटिस्ट आहेत, डेटावाले तर पायलीला पन्नास, पण रग्बीवाला हा एकटाच. कुणी विचारलं की काका म्हणायचे, "तो टीम मॅनेजमेंटच्या साइडला आहे," आणि घाईघाईने चकलीची बशी पुढे करायचे.

खेळ सोपा आहे. म्हणजे बाहेर बसून. आठ धिप्पाड माणसं पुढे एकमेकांना रेटतात आणि सात जण मागे असतात. हे मागचे पळतात, पास देतात, किक मारतात. निनाद मागच्यांतला. आणि पाठीवरचा नंबर खेळाडूचा नसतो, जागेचा असतो. हे मला कोण सांगणार? पहिल्या मॅचला तो दहा नंबर होता, म्हणून दुसऱ्या मॅचला मी दहा नंबरच्या नावाने घसा फोडून घेतला. "निनाद! निनाद!" त्या दहा नंबरने शेवटी वळून पाहिलं. लालभडक दाढीचा माणूस!

"अगं, आपला तो बघ, चौदा," काकू म्हणाल्या. "आज त्याला कडेला टाकलाय."

टाकलाय?

आणि त्याच्या पुढच्या मॅचला पंधरा. सगळ्यात मागे, एकटा, वाळीत टाकल्यासारखा!

आता माझे बाबा पाटबंधारे खात्यात. एका ठेकेदाराच्या बिलावर सही केली नाही म्हणून सांगलीहून थेट गडचिरोली, तिथून परभणी. माणसाची सारखी जागा बदलतात म्हणजे माणूस सरळ आहे आणि वरचा कुणीतरी नाराज आहे, हे ज्ञान मला बाराखडीच्या आधी मिळालेलं. मी निनादला जेवताना गाठलं.

"कोचशी तुझं काही वाजलंय का?"

"नो. का?"

"मग सारखी बदली का करतो तो तुझी?"

"यार मुग्धा, दॅट्स माय थिंग. मी सगळीकडे खेळतो."

"खेळतोस, की खेळायला लावतात?"

त्याने आमटीत पोळी बुडवली. "कोच विचारतो, मी यस म्हणतो. चिल."

बघा! दबलेला माणूस अगदी असाच बोलतो. आमच्या अभ्यासक्रमात यावर अख्खं प्रकरण आहे.

तो वर गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "याच महिन्यात कॉन्ट्रॅक्ट संपतंय गं त्याचं. पुढचं नाही दिलं तर? पोराला दुसरं काही करायचंच नाहीये."

"मी आधीपासून सांगतोय," काका पेपरमागून म्हणाले, "एक काहीतरी धर. धड हे नाही, धड ते नाही. असल्या माणसाला कोण ठेवून घेतं?"

झालं. एका होतकरू तरुणाची कारकीर्द डोळ्यांदेखत चिरडली जात होती आणि घरातले दोघं उसासे टाकत होते. कुणीतरी आवाज उठवायला नको? नशीब त्यांचं, मी बेसमेंटमध्येच राहत होते!

मी टी-शर्ट केले. भगवे. वर मराठीत 'एक खेळाडू, एक जागा' आणि खाली तेच इंग्रजीत, कारण शोषण करणाऱ्यालाही ते वाचता आलं पाहिजे. क्लबचा फॅमिली डे जवळ आला होता. खेळाडूंच्या घरचे येतात, मैदानावर बर्गर भाजतात, कोच माइकवर दोन शब्द बोलतो. काकूंनी टी-शर्ट उत्साहाने घातला. काकांनीही घातला, पण वर जॅकेट चढवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. भर उन्हात!

कोचने विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" तो इंग्रजीत बोलतो हं, मी तुम्हाला मराठीत सांगतेय.

मी उठले. माइक घेतला. आणि मी बोलले! माणसाची प्रतिष्ठा, श्रमाचं मूल्य, स्थैर्याचा हक्क. मध्ये पाटबंधारे खातंही येऊन गेलं. "हा माणूस मूकपणे सहन करतोय," मी म्हणाले, "आणि तुमची ही व्यवस्था त्याच्या मूकपणावर चालली आहे!" लाल दाढीवाल्याच्या हातात बर्गर तसाच राहिला होता. निनाद माझ्या समोर उभा. शांत. चेहऱ्यावर ते अमेरिकन हसू. मला वाटलं, कृतज्ञता.

कोचने मान डोलावली. "बरं. मग कोणती जागा हवी त्याला?"

हे बघा, क्रांतीच्या वेळी तपशील विचारू नयेत. मी काकूंकडे पाहिलं.

काकू म्हणाल्या, "जिथे लागत नाही तिथे."

"कॅप्टन," काका म्हणाले.

"तो एका जागेवर खूश राहील," मी ठणकावून सांगितलं. "कोणत्याही. पण एका!"

कोच लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला, "राखीव खेळाडूंत मागच्यांसाठी दोन-तीनच खुर्च्या असतात. कोण जखमी होईल ते आधी कळत नाही. म्हणून कुठेही खेळू शकेल, असा माणूस मला लागतो. आतापर्यंत जो जखमी झाला, त्याच्या जागी निनाद खेळला. पुढच्या कॉन्ट्रॅक्टसाठी दोन नावं आहेत, जागा एक आहे. निनादला एकाच जागेवर खेळायचं असेल, तर माझं काम सोपं झालं." आणि तो बर्गर उलटायला निघून गेला.

काकांनी जॅकेटची चेन आणखी वर ओढली. ओढायला उरली नव्हती, तरी ओढली.

परत येताना निनाद ड्राइव्ह करत होता. रूट फॉर्टी-सिक्सवर आला आणि एकदम बोलला, "हायस्कूलमध्ये मला कुणी टीममध्ये घ्यायला तयार नव्हतं. सो मी सगळ्या पोझिशन्स शिकलो. कुणी आजारी पडला की मी. कुणाचा ग्रँडपा वारला की मी. ते मला कुणी करायला नाही लावलं, मुग्धा. आय बिल्ट दॅट."

मागून काका हळूच म्हणाले, "हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा."

मला गाडीतून उतरून चालत जावंसं वाटलं. पण त्या रस्त्याला फुटपाथ नाही.

पुढचे दिवस कसे गेले, विचारू नका. निनाद माझ्याशी बोलेना. काका रोज रग्बीचे व्हिडिओ बघायचे आणि जेवताना विचारायचे, "म्हणजे पंधरा नंबरवाला शेवटचा रक्षक ना रे? फार जबाबदारीचं काम दिसतं." काकू देवापुढे दिवा लावून बसायच्या. कोणत्या जागेसाठी प्रार्थना करायची, ते त्यांना अजून कळलं नव्हतं. मी कोचला माफीची तीन पानी ईमेल लिहिली. निनादने ती पाठवण्याआधी लॅपटॉप काढून घेतला. "प्लीज. हेल्प नको करूस."

शेवटी शनिवारी पोहे खाताना फोन वाजला. कोच! निनादचे हात लिंबाने चिकट, म्हणून काकूंनी स्पीकर लावला.

"दोन सीझनचं कॉन्ट्रॅक्ट," कोच म्हणाला. "राखीव नाही, पहिल्या पंधरांत. कुठे ते दर आठवड्याला सांगेन."

काकू रडायलाच लागल्या. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. का, देव जाणे.

निनादला धीर धरवेना. "पण कोच, त्या फॅमिली डेनंतरही?"

"त्याच्यामुळेच!" कोच म्हणाला. "तू आणि तो दुसरा, दोघंही सगळ्या जागा खेळता, निवड करता येत नव्हती. दडपणाखाली डोकं शांत कोण ठेवेल, एवढंच बघायचं राहिलं होतं. आणि तू तर ते भाषण अख्खं, हसतमुखाने, उभं राहून ऐकलंस! भल्या माणसा, याहून वाईट तुझ्यावर मैदानात काय आदळणार आहे?"