तारखेचा रकाना

राग कुणाचा आला म्हणाल तर सगळ्यांचा. सरकारी ऑफिसचा, आमच्या ग्रुपचा, आणि ग्रुपमध्ये बसून चहा पिणाऱ्या माझाही.

दर शनिवारी दादरला एका मित्राच्या ऑफिसात आम्ही जमायचो. निम्मे प्रोग्रामर, निम्मे माझ्यासारखे पत्रकार. सरकारी साइटवर जनतेसाठी म्हणून माहिती टाकतात आणि ती अशी कोंबून ठेवतात की जनतेला सापडूच नये. आमचे प्रोग्रामर ती खरवडून काढायचे, धड तक्त्यात बसवायचे आणि कुणालाही फुकट वापरता येईल अशी उघड्यावर ठेवायचे. याला स्क्रेपिंग म्हणतात. बातम्या काढायचं काम आमचं. रेशन दुकानांचं झालं, शाळांचं झालं, मग शहरातल्या ब्लड बँकांचं घेतलं. कुठे कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, सगळं एका पानावर. ते पान गिरगावात राहणाऱ्या आमच्या एका प्रोग्रामरने बनवलं. दिसायला फार सुरेख होतं.

माझी ताई लालबागला राहते. तिच्या मुलीला थॅलेसेमिया आहे, म्हणजे दर काही आठवड्यांनी तिला बाहेरचं रक्त चढवावंच लागतं. गट बी निगेटिव्ह, सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे पान सुरू झाल्या झाल्या मी ताईला लिंक पाठवली. तिने ती मोबाइलवर अगदी वर ठेवली होती.

मे महिन्यात अर्धं गिरणगाव गावाला जातं. कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं बंद. ताईच्या मजल्यावरचे नेहमी रक्त देणारे शेजारीही मालवणात आंबे खात बसलेले. त्यात हॉस्पिटलने सांगितलं, आज तुमचा गट नाही, बाहेर बघा. ताईने आमचं पान उघडलं. परळच्या एका ब्लड बँकेत चार पिशव्या, आणि खाली हिरव्या अक्षरांत, 'आत्ताच अपडेट केले'. पोरीला हॉस्पिटलात आमच्या आईजवळ ठेवून ती धावत गेली. खिडकीतला माणूस म्हणाला, एकही नाही, खूप दिवसांपासून नाही. पानावर दादरची दुसरी बँक होती. तिथेही तेच. मग गिरगाव. तिथे तर ब्लड बँकेलाच कुलूप, दुरुस्तीसाठी बंद. पानावर मात्र दोन पिशव्या.

तिथून तिने मला फोन केला. "तुझं ते पान जाळ मेलं," म्हणाली. "पोरगी पांढरीफटक पडलीय आणि मी टॅक्सीतून मुंबई दर्शन करतेय."

शेवटी रक्त मिळालं ते ताईच्या दारी मासे घेऊन येणाऱ्या कोळणीमुळे. तिने वरळी कोळीवाड्यात फोनाफोनी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गटाच्या आपल्या दिराला घेऊन हॉस्पिटलात हजर झाली. तोपर्यंत ताईच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

त्या शनिवारी मी ऑफिसात शिरले ती भांडायलाच. गिरगावच्या त्या प्रोग्रामरला विचारलं, "आत्ताच अपडेट केले म्हणजे कुणी केले?"

"आपण," तो शांतपणे म्हणाला. "आपला प्रोग्राम दर तासाला साइट वाचतो. ती वेळ आहे."

"आणि ब्लड बँकेने आकडा कधी भरला?"

"त्याचा वेगळा रकाना होता गं. पण एकाने तारीख अशी लिहिलेली, दुसऱ्याने तशी, निम्म्या जागा रिकाम्या. कोड सारखा अडकायचा. म्हणून काढून टाकला."

तळपायाची आग मस्तकात गेली. कोड अडकू नये म्हणून! कधीचा कोण जाणे शिळा आकडा, आणि त्यावर आमचा ताजा शिक्का! मी त्याला नाही नाही ते बोलले. हा प्रोग्रामर चांगला माणूस आहे. साइटवरून उतरवलेल्या मूळ प्रती त्याने ठेवलेल्या होत्या. त्याने तिथेच बसून तो रकाना परत लावला, आणि हळूहळू सगळ्यांचेच चेहरे उतरले. परळचा आकडा दिवाळीपासून कुणी हलवलेलाच नव्हता. अशा बँका कितीतरी निघाल्या.

मी सरकारी ऑफिसला फोन लावला. आकडे भरायचं काम बँकांचं, म्हणाले. बँका म्हणाल्या, आम्ही पाठवतो, साइटवर चढवणं ऑफिसचं काम. ही टोलवाटोलवी ऐकून पुन्हा ऑफिसला फोन केला, तेव्हा साहेब वैतागले. म्हणाले, "मॅडम, ती माहिती फक्त माहितीसाठी आहे." हे वाक्य मी जसंच्या तसं छापलं.

शिळ्या तारखांची बातमी गाजली. ग्रुपमध्ये पाठी थोपटून झाल्या, एकाने सामोसे मागवले. दोन आठवड्यांत सरकारी साइट नवीकोरी झाली. मोठी अक्षरं, रक्ताच्या थेंबाचं चित्र, वर कुणाचा तरी हसरा फोटो. आमचा प्रोग्राम मात्र बंद पडला, कारण त्याला तारखेचा रकाना सापडेना. आम्हालाही सापडला नाही. आकडे होते तसेच होते, परळला चार पिशव्या. फक्त आकडा कधीचा आहे हे सांगणारा रकाना साहेबांनी उडवला होता. आमच्या पोराने अडाणीपणाने जे केलं, तेच त्यांनी पूर्ण शुद्धीत केलं. आणि त्यांना ते सुचवलं माझ्या बातमीने. मी घरी येऊन संतापाने रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आम्ही आमच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलं, आकड्यांवर विश्वास ठेवू नका, आधी फोन करा. ब्लड बँकांचे फोन बहुतेक वेळा कुणी उचलत नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा हॉस्पिटलात रक्त नव्हतं. ताईचा फोन आला. मी सवयीने लॅपटॉप ओढला, तर म्हणाली, "पानावर काय आहे ते मला सांगू नकोस. तू परळला जा. पिशवी डोळ्यांनी बघ, मग मला फोन कर."

मी गेले. खिडकीतल्या माणसाला विचारलं. तो मान हलवून म्हणाला, "ऑनलाइन बघून यायचं ना, मॅडम." बाहेर येऊन ताईला फोन लावला.

"आहे की नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "आता दादरला जा."