दीड बोट ढाळ

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांच्या घरात फरशा बसवल्या आणि त्यांतली एकही केसभर चुकली नाही, असं ते स्वतःच सांगत. सांगत म्हणजे काय, पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगत. स्वतःच्या हॉलची फरशी तर जीव की प्राण. 'गोटी ठेवून बघा, जागची हलली तर नाव बदलीन,' हे त्यांच्या बायकोने तीस वर्षं ऐकलं, आणि दर वेळी तिला नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी काम निघालं. गोटी मात्र कुणी ठेवली नाही. कोण ठेवणार? लोक चहा प्यायला आलेले असतात.

ठेवली ती मुलीने. तिच्या ऑफिसात गोल्फची स्पर्धा ठरली. हिने जन्मात ती काठी हातात धरलेली नाही, तरी नाव देऊन मोकळी. मैत्रिणीकडून काठी आणि तीन चेंडू आणले, सोफा सरकवला, हॉलच्या टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला आणि रोज संध्याकाळी चेंडू हळूच ढकलून त्यात घालायचा सराव सुरू केला. चेंडू निघायचा नाकासमोर, आणि पेला जवळ आला की डावीकडे, बाल्कनीच्या बाजूला वळायचा.

"बाबा, आपली फरशी तिरकी आहे," ती सहज म्हणाली.

मिस्त्रींना ते जिव्हारी लागलं. आधी त्यांनी तिच्या मनगटाला दोष दिला, मग काठीला, मग चेंडूवरच्या खळग्यांना. स्वतः मारून पाहिला. वळला. नुसता ठेवून पाहिला. लेकाचा क्षणभर थांबला आणि सावकाश बाल्कनीकडे निघाला. आता त्यांना राहवेना. जागोजागी चेंडू सोडून झाले, खडूने त्यांच्या वाटा आखून झाल्या. सगळ्या वाटा एकाच बाजूला. मग माळ्यावरची पातळी मोजायची नळी खाली आली. तिच्यात पाणी भरलं, एक टोक मुलीच्या हातात, दुसरं त्यांच्या. बाल्कनीकडे फरशी चक्क दीड बोट खाली.

त्या दिवशी त्यांना घास उतरेना. स्वतःच्या घरात ही गत, तर लोकांच्या घरात आपण काय करून ठेवलंय? उद्यापासून एकेका जुन्या घरी नळी घेऊन जायचं, असं त्यांनी ठरवूनसुद्धा टाकलं. पण एक कोडं सुटत नव्हतं. हात चुकला म्हणावं तर फरशी कुठेतरी वर, कुठेतरी खाली हवी. हा ढाळ कसा एकसारखा, मुद्दाम दिल्यासारखा. चूक इतकी नीटनेटकी कशी, हेच ते ताटावर बसून पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

"मी दिलाय तो," बायको म्हणाली.

ही फरशी बसवली तेव्हा मुलगी पोटात होती, सातवा महिना. वाकून फरशी पुसवत नव्हती. बाल्कनीकडे ढाळ द्या, बादली ओतली की पाणी आपसूक जाईल, असं तिने चारदा सांगितलं होतं. हॉलला ढाळ दिला तर धंद्यातले लोक हसतील, म्हणून यांनी उडवून लावलं. मिस्त्रींची रीत अशी, की फरशीची पातळी दाखवणारी दोरी एकदा खिळ्यांना बांधली की पुन्हा तपासायची नाही, डोळे मिटून विश्वास. दुपारी जेवून ते आडवे झाले आणि हिने बाल्कनीकडचे दोन्ही खिळे उपटून दीड बोट खाली ठोकले. उठल्यावर यांनी त्याच दोरीला धरून, शीळ घालत, काम सुरू केलं.

मिस्त्रींचा अपमान झाला होता, आणि छातीवरचा धोंडाही उतरला होता.

"तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"एकदा तरी फरशी धुतली असतीत, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

ते उठले, बादली भरून आणली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आतल्या भिंतीपाशी पाणी ओतलं. खडूच्या वाटा पुसत पाणी निघालं. कुठे अडलं नाही, कुठे साचलं नाही, सरळ बाल्कनीत उतरलं. मिस्त्री ओणवे होऊन त्याच्या मागोमाग गेले, आणि हातभर उजवीकडे नेम धर, असं त्यांनी मुलीला तिथूनच सांगितलं.

बायको पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती. सोफ्याखालचं राहिलंय, म्हणाली. ते पुन्हा बादली भरायला गेले.