दोन्ही पुस्तकांत बाई मरते

सुनेने आज सुक्या मिरच्या भाजल्या. मला ठसका लागला आणि मार्केट यार्डातली एक दुपार आठवली. आम्ही बायका तिथे मिरच्यांची देठं खुडायचो. मी चौथी पास, म्हणून जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचून दाखवायचे. तेव्हा खेड्यातल्या बायकांच्या दोन कादंबऱ्या लागोपाठ झाल्या. पहिलीतली बाई सासरी सोसून सोसून मरते. दुसरीतली घर सोडते आणि वाटेत मरते.

शेजारी कमल बसायची. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती पळून आली होती. दुसऱ्या दिवशी भाऊ तिला परत सासरी न्यायला येणार होता.

"यातली खरी कुठली गं, आक्का?" तिने विचारलं.

"पहिली. दुसरी रचलेली वाटते."

"दोघी मेल्याच की. लिहिणाऱ्याच्याच हातात हाय ना सगळं? मग एखादी जिती ठेवायची."

"मग रडणार कोण?" मी म्हणाले. सगळ्या हसल्या, कमलही हसली.

भाऊ आला आणि ती निमूट गेली. पुढे तिचं काय झालं, कुणालाच कळलं नाही. तेव्हा मला वाटलं, हिला पुस्तकातलं काही कळत नाही. आता वाटतं, घर सोडून जगलेली एक तरी बाई तिला ऐकायची होती, आणि आमच्या दोन्ही पुस्तकांत ती नव्हती.