विहिरीजवळचा कोपरा

आमचं घर बघायला येणारे लोक माझ्या खोलीत जरा जास्त वेळ थांबतात. खोलीला दोन बाजूंनी खिडक्या आहेत. एक रस्त्याकडे उघडते, दुसरी जुन्या विहिरीकडे. कोपऱ्याचा प्लॉट मिळाला म्हणून हे जमलं, असं पप्पा प्रत्येकाला सांगतात. मी तोवर चहाचं निमित्त काढून स्वयंपाकघरात गेलेली असते.

या घराआधी आम्ही जुन्या जालन्यात, एका धान्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आतल्या खोलीत स्वयंपाक, बाहेरच्या खोलीत बाकी सगळं. पप्पा कापडाच्या ठोक दुकानात नोकरीला. त्यांच्याकडे माणसांचा राबता फार, आणि कुणी आलं की मी पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसायचे. खाली पोती उतरत असायची. हमाल वर बघून म्हणायचे, "बाई, सरका जरा, धूळ लागंल." मला एकच हवं होतं: आतून कडी लावता येईल असं एक दार. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर त्या खोलीचा नकाशा कितीतरी वेळा काढला होता.

मंठा रोडला एका शेतकऱ्याने आपल्या शेताचे प्लॉट पाडले. पप्पा आम्हाला बघायला घेऊन गेले. बाकीचे प्लॉट एकसारखे, चुन्याच्या रेघा मारलेले. कोपऱ्यावरचा तेवढा वेगळा वाटत होता. एका बाजूला रस्ता, एका बाजूला विहीर. मी त्या प्लॉटच्या मधोमध जाऊन उभी राहिले. पप्पांनी ते पाहिलं. परत येताना म्हणाले, "कोपऱ्याचाच घेऊ."

जमीन मालकाच्या वडिलांची होती, त्यामुळे सातबाऱ्यावर त्याच्या बहिणीचंही नाव लागलं होतं. खरेदीखतावर तिची सही लागणार होती. आमच्याकडे बहिणी अशी सही देऊन टाकतात. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, म्हणून भाऊ म्हणेल तिथे सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि परत जायचं. ही बहीण मंठ्याजवळच्या एका गावात दिलेली. रजिस्ट्रीच्या दिवशी ती सकाळच्या एसटीने आली. साठीच्या आसपासची, पायांत नवी चप्पल, हातात कापडी पिशवी. मी तिला मावशी म्हटलं.

कागदाच्या झेरॉक्स आणायला पप्पा आणि मालक गेले. आम्ही दोघी कचेरीबाहेर बाकावर बसलो. खरेदीखताची एक प्रत पप्पांनी माझ्याकडे सांभाळायला दिली होती. मावशीने ती बोटाने उलटून बघितली.

"शिकेल दिसतीस. कितवीला हायेस?"

"कॉलेजला."

"मंग वाच बरं. मला सही येती, वाचायला न्हाई येत."

मी मनातल्या मनात वाचू लागले. ती मला सांगत होती. विहिरीजवळचा कोपरा तिच्या वडिलांनी तिला तोंडी देऊन ठेवला होता. भावानेही कबूल केलं होतं. ती तिथे दोन खोल्या टाकणार होती. "घरी लेकं-सुना चांगल्या हायेत, पण शेवटी घर त्यांचं. रुसून बसावं म्हनलं तर जागा न्हाई. इथं आपलं दार, आपली चूल." ती हसली. "माझं बाकी काही मागणं न्हाई. दादानं सगळं इकलं तरी चालंल."

माझं बोट तोवर चतुःसीमेवर आलं होतं. जागेच्या चारही बाजूंना काय आहे ते तिथे लिहिलेलं असतं. पूर्वेस रस्ता. दक्षिणेस सामाईक विहीर. तो मजकूर मी दोनदा वाचला. मराठी माझी शाळेत तिसरी भाषा होती, पण घरी पेपर मीच वाचून दाखवायचे. अडण्यासारखा एकही शब्द नव्हता.

"सुटला ना माझा कोपरा?" तिने विचारलं.

समोरून पप्पा झेरॉक्स घेऊन येत होते. चालता चालता ते मालकाला काहीतरी सांगत होते आणि हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

आत साहेबांनी तिला विचारलं, "आजी, कागद वाचला का? मान्य आहे का?" तिने माझ्याकडे हात केला. "या पोरीनं वाचला. बराबर हाय म्हनली." मग तिचा फोटो निघाला, अंगठा घेतला गेला. तिने एकेक अक्षर काढत, जीभ दातात धरून, सही केली. मालक कागदावर डोळे लावून बसला होता. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याला माहीत होतं. पप्पांना काहीच माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं असतं तर त्यांनी तो व्यवहार तिथेच थांबवला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणूनच मी सांगितलं नाही.

पाया खोदताना, भिंती चढताना मी साइटवर फारशी गेले नाही. पप्पा म्हणायचे, "तुझीच खोली आहे, खिडकी कुठे पाहिजे ते ये सांगायला." मी परीक्षेचं कारण सांगायचे. खिडक्यांच्या जागा मिस्त्रीने स्वतःच ठरवल्या, आणि अगदी मी वहीत काढल्या होत्या तिथेच.

वास्तुशांतीच्या आधी मम्मीने विषय काढला. "जिच्या माहेरची माती, तिची ओटी भरल्याशिवाय नव्या घरात दूध उतू घालवत नाहीत. आमच्या माहेरी, धावड्याला, असंच करतात. त्या मालकाच्या बहिणीला जाऊन सांगून या." पप्पा लगेच तयार झाले. "हिला घेऊन जातो. हिची ओळख झालीय त्यांच्याशी."

मोटरसायकलवर तासाभराचा रस्ता. मी पप्पांच्या पाठीमागे बसून वाक्यं जुळवत होते. पोचल्यावर मावशीचा मुलगा पप्पांना मोसंबीची बाग दाखवायला घेऊन गेला. मावशीने मला ओट्यावर बसवलं.

"लई बरं केलं आली ते. घर झालं म्हना! माझ्या कोपऱ्याकडं जाती का कवा? बाभळी माजल्या असतील. यंदा कापूस इकला की कुंपण घालून टाकते."

"मावशी," मी म्हणाले, "तो कोपरा आमच्या खरेदीखतात होता. आमचं घर तिथेच आहे."

ती शेंगा निवडत होती. हात थांबले नाहीत. "विहिरीच्या अल्याड का?"

"विहिरीला लागूनच."

"स्लॅब पडला?"

"पडला."

मग हात थांबले. एवढ्या महिन्यांनी मी सांगितलं होतं, आणि सांगितलं तेव्हा वरचं छप्परही होऊन गेलं होतं. आता खरं बोलण्याने माझं काही जाणार नव्हतं.

"मंग त्या दिशी तू हो म्हनली ते?"

इथे तरी मी सरळ सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, रस्ताभर घोकलेलं. तोंडातून दुसरंच आलं. "माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. ते कचेरीतलं मराठी मला कळलं नव्हतं."

ती उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"घे. रडू नको. तुझा काय कसूर, माय? सख्ख्या भावाला कळत होतं की."

मी रडत होते, हे मला तिने सांगितल्यावर कळलं.

वास्तुशांतीला ती येणार नाही, असं मी धरून चालले होते. ती आली. मालक आला नाही. मम्मीने तिला पाटावर बसवून ओटी भरली, चांगली इरकल नेसायला दिली. जेवण झाल्यावर तिने घर दाखवा म्हटलं. माझ्या खोलीत आली तेव्हा आधी विहिरीकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर वाकून पाहिलं. मग दार लावून बघितलं, कडी घालून बघितली, काढली.

"कडी भारी हाय," ती म्हणाली.

मम्मी म्हणाली, "भाऊ नाही आले तुमचे?"

"न्हाई येणार. म्या बोलणं बंद केलं. राखीलाही गेल्ते न्हाई." ती पलंगावर बसली नाही, उभ्यानेच बोलत होती. "फोनवर मलाच म्हनतो कसा, त्या पोरीनं तुला वाचून दाखवलं होतं की! म्या म्हनलं, पोरीवर घालू नको. लेकराला कुठं येतं मराठी?"

मम्मीने माझ्याकडे बघितलं. रोज सकाळी तिला पेपर कोण वाचून दाखवतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. मग ती मावशीला म्हणाली, "चला, चहा टाकते." त्या दिवसापासून सकाळचा पेपर मम्मी स्वतःच वाचते, चष्मा लावून, हळूहळू. मी समोर असले तरी.

मावशीला बसपर्यंत सोडायला मीच गेले. फाट्यावर आम्ही दोघी उभ्या होतो. ओटीची पिशवी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मला तिला खरं सांगायचं होतं, आणि बस यायला अजून वेळ होता. मी पिशवी धरू का, एवढंच विचारलं. ती नको म्हणाली.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "थोडं मराठी शीक वाचायला. माझ्यावानी लई बाया हायेत. कुनाच्या तरी उपयोगी पडंल."

मी मान हलवली.

एसटी आली. धुळीत पाटी नीट दिसत नव्हती. मावशीने विचारलं, "काय लिव्हलंय? मंठाच का?"

"मंठा," मी वाचून सांगितलं.

ती पायरीवर चढली, आणि आत जाण्याआधी कंडक्टरला तिने विचारलं, "मंठ्यालाच जाती ना, भाऊ?"