वटवाघळांची पेटी

आमच्या बाबांनी रंधा मारलेल्या फळीवरून माशीसुद्धा घसरेल, असं लोक म्हणत, आणि बाबांना ते मनापासून पटे. सुतारकामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. हे मी मुलगी म्हणून नाही, नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली फळ्या घासून बोटं सोललेली कारागीर म्हणून सांगते.

एका सुट्टीत आम्ही शाळेच्या वाचनालयाचं छत दुरुस्त करत होतो. एक फळी सरकवली, तर आत तीसेक वटवाघळं लटकलेली, पोटाशी पिल्लं बिलगलेली. बाबांनी फळी हळूच परत लावली. खाली मुख्याध्यापिकाबाई केसांवर पदर घेऊन उभ्या होत्या.

"उद्याच औषध मारायला माणूस बोलावते," त्या म्हणाल्या. "केसांत अडकतात मेली. रक्त पितात."

"ही किडे खाणारी आहेत, बाई. माझा जन्म छपरांत गेला, एकही कधी केसांत शिरलं नाही. आता तर मला केसही उरले नाहीत." मग बाबा गंभीर झाले. "पिल्लांना अजून उडता येत नाही. आत्ता औषध मारलंत तर सगळी मरतील. मी बाहेरच्या भिंतीवर पेटी लावतो. शाळा उघडायच्या आत ती तिकडे गेली नाहीत, तर बोलवा तुमच्या माणसाला. तोवर कुणी त्यांना हात मात्र लावायचा नाही."

बाईंनी सहा आठवडे दिले.

बाबांनी अरुंद, खालून उघडी पेटी केली आणि आतून अशी गुळगुळीत घासली, जणू नवरीचं कपाट. पाच आठवडे ती रिकामी राहिली. पिल्लं उडू लागली, पण मुक्काम छतातच. दिवस संपत आले, बाबांचं जेवणावरून लक्ष उडालं.

मग एका संध्याकाळी एक वटवाघूळ पेटीच्या तोंडाशी येऊन चिकटलं आणि घसरलं. पुन्हा आलं, पुन्हा घसरलं. मला राहवलं नाही.

"बाबा, माशी घसरते तिथं ते काय टिकणार?"

त्या रात्री बाबा घरातल्या एका घासलेल्या फळीवर बोट फिरवत बसले. सकाळी पेटी उतरवून त्यांनी आतल्या फळ्यांवर करवतीने आडवे ओरखडे काढले. प्रत्येक ओरखड्याला त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा होई.

"हे काम माझं म्हणून कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

छताच्या फटीवर आम्ही जाळीचा पडदा सोडला, बाहेर पडता येईल पण परत शिरता येणार नाही असा. शाळा उघडायच्या आदल्या सकाळी पेटीखाली ताजी लेंडकं पडली होती. वर पाहिलं तर पेटी गच्च भरलेली. बाबांनी निवांतपणे फट बुजवली. बाईंनी तिथे पाटी लावली: 'हात लावू नये.'

आपली चूक कबूल करायला मोठी छाती लागते. माझ्या बाबांकडे ती आहे, आणि मला त्याचा त्यांच्या रंध्यापेक्षा जास्त अभिमान वाटतो.

परवा एक गिऱ्हाईक आमच्या कामाचा नमुना बघायला आलं. मी पॉलिश केलेलं कपाट पुढे केलं. बाबा मात्र त्याला घेऊन थेट शाळेच्या मागच्या भिंतीशी गेले आणि बोट वर करून म्हणाले, "हे माझं काम."