न हलणारं टेबल

भंडारा जिल्ह्यातल्या सुतारांनी आजवर जेवढी टेबलं केली, त्यांतल्या निम्म्यांना तरी माझ्या मोठ्या साडूंनी शिव्या दिल्या असतील. माणसांवर रागावणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली, लाकडावर रागावणारा हा एकच. टेबल जरा डुललं की ते त्याच्या पायाला लाथ घालत, मग स्वतःचा अंगठा धरून बसत आणि अंगठा दुखला म्हणून पुन्हा टेबलावरच रागावत. आणि त्यांच्यावर मी रागावत असे. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की माझी कानशिलं आजही तापतात. हे बरं नाही, हे कळतं; पण खोटं कशाला लिहू?

त्यांची धानाची शेती आंबागडला, किल्ल्याच्या डोंगराखाली, जंगलाला अगदी लागून. धान निसवलं की रानडुकरं येत. त्यापायी सत्तरनंतर कधीतरी त्यांना पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना मिळाला, आणि त्या दिवसापासून ते गावाचे राखणदार झाले. तयार काडतुसं वेळेवर मिळत नसत, म्हणून झाडलेली पितळी काडतुसं ते घरीच पुन्हा भरत. त्यासाठी मी भंडाऱ्याहून सोनारांचा असतो तसला लहान तराजू आणून दिला होता. बारूद आणि छर्रे त्यावर तोलायचे. तराजूचा काटा स्थिर उभा राहीपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही, असा घरात नियम. काटा मात्र कधी स्थिर उभा राहत नसे. त्यांच्या मते कारण एकच, टेबल हालते.

सुरुवात झाली ती शिलाई मशीनच्या टेबलावर. मशीन बाईचं. बाई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची मोठी बहीण. टेबल हललं, छर्रे सांडले आणि बाजूच्या सुपात बाईनं निवडून ठेवलेल्या तांदळात गेले. त्या दिवशी पाहुणा मी होतो. दुसऱ्याच घासाला माझी दाढ कडकन वाजली.

"खडा लागला काय, साडभाऊ?" त्यांनी विचारलं.

मी तोंडातून छर्रा काढून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, धोतराला पुसला आणि डब्यात टाकला. "अजून असतीन, पाहून चावा. वाया नोका घालवू." दाढेचा तुकडा पडला होता, त्याबद्दल एक अक्षर नाही. पुढं तासभर ते मशीनलाच बोलत राहिले.

मग शाळेतून मागून आणलेला बाक आला. तो हलला. घरातला दिवाण हलला. तुमसरहून विकत आणलेलं टेबल तर, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, बैलगाडीतून उतरतानाच हलत होतं. सुताराला घरी बोलावलं. त्यानं टेबलावर तळहात ठेवून पाहिला आणि म्हणाला, "मालक, हे त हालत नाही." त्याला चहा न पाजता परत पाठवण्यात आलं. आंबागडात सुताराचा याहून मोठा अपमान होत नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच टेबल बांधायचं ठरवलं. पायांसाठी गोठ्याचे बिजाच्या लाकडाचे दोन खांब काढले, तेव्हा गोठ्याचं छप्पर एका बाजूला झुकलं आणि म्हशी तिरप्या माना करून उभ्या राहू लागल्या. बाकीचे दोन पाय मोडक्या खाचराचे, म्हणजे जुन्या बैलगाडीचे. बोल्ट आणायचं काम माझ्याकडे. मी वीतभर लांबीचे बोल्ट पिशवीत घालून एसटीनं नेले. वाटेत पिशवी फाटली आणि एक बोल्ट कंडक्टरच्या पायावर पडला. त्या माणसाचं बोलणं पोटात घेऊन मी आंबागडला पोचलो, तर हे म्हणाले, "हे बोल्ट सायकलीचे होत काय? तुम्हाले भंडाऱ्यात ठेवलं कायले?" मी परत जाऊन हातभर लांबीचे आणले. का आणले, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि वरची फळी? ऐन धान रोवण्याच्या दिवसांत चिखल सपाट करायचा लाकडी पाटा सापडेना. शेताच्या बांधीत पाणी भरलेलं, रोवणाऱ्या बाया बांधावर पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या घेऊन उभ्या, आणि पाटा नाही. शोधता शोधता बाई आतल्या खोलीत आली, तर पाटा खांबांवर चढून, बोल्टांनी आवळून, टेबल होऊन बसला होता. पाय गुडघाभर जमिनीत, वर मुरूम आणि चुना ठोकलेला.

"धान रोवाचं हाय ना आपल्याले?" बाईनं विचारलं.

"रोवशीन त खरं, पण राखशीन कशानं?"

धान राखायच्या टेबलापायी धानच रोवायचं राहिलं. शेजाऱ्याचा पाटा मागून आणेपर्यंत बाया दुसऱ्याच्या शेतात गेल्या. मी तेव्हा तिथं होतो आणि इतका संतापलो, की जेवण न करता एसटी थांब्यावर जाऊन बसलो. गाडी संध्याकाळी होती.

त्या दिवाळीला मात्र मी मुद्दाम गेलो. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की आता टेबल हलत नाही. चार माणसांनी धक्का दिला तरी ते टेबल हललं नसतं; हललं असतं तर घर हललं असतं. त्यांनी तराजू मांडला, चिमटीत छर्रे घेतले. काटा थरथरू लागला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग खाली.

"जमीनच हालून राहिली," ते म्हणाले.

"हालते ना," चुलीपाशी बसलेली बाई लगेच म्हणाली. "तलावाचं पानी खालून जात असन."

माझं डोकं सटकलं. बाई अंगणात आली तशी मी तिच्यामागं गेलो. "बाई, तुम्हीसुद्धा? टेबल हलत नाही, जमीन हलत नाही. त्यांचा हात हलतो."

"हळू बोला, भाऊ. मले कवाचं ठाऊक हाय." ती तुळशीपाशी उभी राहून सांगत होती. "मशीन होती तवापासून. पन हात हालते मनलं त बंदूक जाईन. बंदूक गेली त गावात त्याईले कोन इचारते? डुकरं त डबे वाजवूनबी पळतेत."

"आणि असल्या हातानं बारूद भरतात ते?"

"बारूदचा डबा मी पोलीसपाटलाच्या घरी नेऊन देल्ला. संपली मनून सांगतलं. आता नुसते छर्रेच तोलत बसतेत." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ते तुम्हाले इचारतीन, दुकानात आली काय मनून. तुम्ही नाही मनत जा."

तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं मी दर खेपेला नाही म्हणत गेलो, आणि दर खेपेला शिव्या खाल्ल्या. "जिल्ह्याच्या गावात राह्यता अन् एवढी खबर काढता येत नाही तुम्हाले?" लग्नात, बारशात, पाहुण्यांच्या पंगतीत. खोटं बोलायचं पाप माझं, शिव्याही मलाच, आणि बाई वाढता वाढता पदर तोंडाला लावून हसायची. त्या हसण्याचाही मला राग यायचा.

त्यांना शेवटचं भेटलो तेव्हा ते टेबलाला टेकून बसले होते. तराजू समोर होता, पण पारडी रिकामी.

"बारूद आली नाही ना?" त्यांनी विचारलं. आवाज इतका साधा होता की मी घाबरलो.

"नाही, साडभाऊ."

"बरं झालं. आता इचारत नोका जाऊ." त्यांनी उजवा हात पाट्यावर ठेवला आणि त्यावर डावा दाबून धरला. दोन्ही हात बारीक थरथरत होते. दारात बाई उभी होती. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "टेबल हालते अजून."

मी पाट्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि होता तेवढा जोर लावून पाहिला. तसूभरही हललं नाही.

"हो," मी म्हणालो, "थोडं हालते."